झाकण उघडण्याआधी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाची वस्ती एकच नाही. डोंगराच्या सोंडेवर, धरणाच्या काठाला, किल्ल्याच्या पायथ्याशी अशा कितीतरी ठाकुरवाड्या आहेत. बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर पळसदरी, जांबरुंगच्या पुढे येणाऱ्या ठिकाणाचे नावही तेच. पावसाळ्यात धबधब्यांसाठी येणाऱ्या पर्यटकाला इथे फक्त हिरवे डोंगर दिसतात. वाडीखालचे खोरे मात्र कारखान्यांचे आहे. खोपोलीपासून पाताळगंगेच्या कडेकडेने रसायनीपर्यंत कंपन्यांची रांग आहे. घाटातून मुंबई-पुण्याचा जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग जातात, आणि त्यांवरून रात्रंदिवस रसायनांचे टँकर चालतात.

वाडीतली तरुण मुले ठेकेदारामार्फत कंपनीत हेल्पर म्हणून जातात. कुणी फार्महाउसवर पोहण्याच्या तलावाची देखभाल करतो. भाताला औषध मारायचे असते, विहिरीत टीसीएल टाकायची असते, बाजारातून संडास धुवायचे ॲसिड येते. उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि पाणी टँकरवर आले, की साठवणीसाठी भंगारवाल्याकडून स्वस्तातले निळे पिंप आणले जाते. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाआधीच रसायने या घरांत पिंपातून, पुडीतून आणि बाटलीतून पोहोचलेली आहेत.

या प्रत्येक वस्तूवर काही शब्द, काही आकडे आणि काही चित्रे छापलेली असतात. ज्याचा हात झाकणावर आहे, त्याच्या जिवासाठी ती छापलेली आहेत. तरीही नेमक्या त्याच माणसाला ती कुणी बसवून समजावून सांगितलेली नसतात. ही परिभाषा अवघड नाही. पंधरा-वीस कल्पना नीट कळल्या, तर बहुतेक अपघात घडण्याआधी ओळखता येतात. त्या कल्पना इथे एकेक करून पाहू.

घातकता आणि जोखीम

पहिली जोडी सगळ्यात महत्त्वाची. घातकता हा पदार्थाचा अंगचा गुण आहे. पेट्रोल पेट घेते, ॲसिड भाजते, क्लोरीन फुप्फुसे जाळतो. पदार्थ कपाटात कुलपात असला तरी हा गुण कमी होत नाही. जोखीम मात्र परिस्थितीवर ठरते: तो पदार्थ किती आहे, कुठे ठेवला आहे, त्याच्याजवळ कोण आणि किती वेळ आहे. फुरसे विषारी असतेच. पण ते दगडाखाली असताना आणि लाकडाच्या मोळीत आपण उघडा हात घालत असताना, या दोन वेळची जोखीम सारखी नसते. डोंगरात वावरणाऱ्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. रसायनांच्या बाबतीत तो तितकाच खरा आहे.

सुरक्षिततेचे सगळे शास्त्र या फरकावर उभे आहे. पदार्थाचा गुण आपल्याला बदलता येत नाही, पण तो आणि माणूस यांच्यामधली वाट बंद करता येते. त्यासाठी उपायांची एक उतरंड ठरलेली आहे. पहिला उपाय म्हणजे घातक पदार्थ वापरातूनच काढून टाकणे. ते जमत नसेल तर कमी घातक पदार्थ घेणे. तेही नसेल तर बंद यंत्रणा, पंखे, झडपा यांनी तो कोंडून ठेवणे. मग कामाचे नियम, पाळ्या, प्रशिक्षण. आणि सगळ्यात शेवटी हातमोजे, चष्मा, मास्क. अनेक ठिकाणी कामगाराच्या हाती मास्क दिला की सुरक्षितता पूर्ण झाली असे मानले जाते. खरे तर मास्क ही शेवटची फळी आहे. तिच्यावरच सगळा भार टाकला जात असेल, तर आधीची चार कामे कुणीतरी सोडून दिलेली आहेत.

मात्रा: तोच क्लोरीन विहिरीत आणि टँकरमध्ये

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, ती म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. साधारणपणे १००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पावडर पुरते. तासाभराने पाण्यात दर लिटरला सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा, अशी अपेक्षा असते. ओटी चाचणीत पाणी पिवळसर झाले की तो शिल्लक असल्याचे कळते. एवढ्याशा क्लोरीनने कॉलरा, काविळीसारखे पाण्यातून पसरणारे आजार रोखले जातात. पावडर ओल धरली किंवा उन्हात राहिली, की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि टाकूनही उपयोग होत नाही.

हाच क्लोरीन वायुरूपात हवेत आला की हिशेब बदलतो. हवेतल्या वायूचे प्रमाण पीपीएम या एककात मोजतात. हवेच्या दहा लाख भागांत वायूचा एक भाग असेल तर ते एक पीपीएम. क्लोरीन एक ते तीन पीपीएम असला तरी डोळे आणि नाक चुरचुरू लागतात. तीसच्या आसपास ठसका थांबत नाही, छातीत दुखू लागते. हजार पीपीएमला काही श्वासांतच माणूस दगावतो. कारखाने कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या पाळीसाठी कामाच्या जागेतल्या हवेची मर्यादा घालून दिली गेली, ती क्लोरीनसाठी १ पीपीएम आणि अमोनियासाठी २५ पीपीएम. भोपाळमध्ये गळालेल्या मिथिल आयसोसायनेटसाठी ती अवघी ०.०२ पीपीएम होती. क्लोरीनपेक्षा तो वायू किती पटींनी घातक आहे, हे या आकड्यांवरूनच दिसते.

म्हणून ‘हे केमिकल विषारी आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. किती मात्रेत, किती वेळ, आणि कोणत्या वाटेने, हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससने मात्रेवरच विष ठरते हे मांडले, आणि आजचे विषशास्त्र त्याच पायावर उभे आहे.

मात्रेचा सगळ्यात उघड आकडा शेतीच्या औषधांवर भेटतो. प्रयोगात निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात, तिला एलडी-५० म्हणतात. ती शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. आकडा जितका लहान, तितके औषध जास्त जहाल. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी हाच आकडा रंगांत आणला. डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा त्रिकोण रंगवलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी: पोटात गेल्यास एलडी-५० फक्त १ ते ५०. पिवळा म्हणजे ५१ ते ५००. निळा म्हणजे ५०१ ते ५०००. हिरवा म्हणजे ५००० च्या वर. लाल त्रिकोणाच्या वर कवटी आणि ‘पॉयझन’ असा शब्द असतो. हिरवा त्रिकोणसुद्धा निर्धोकपणाचा दाखला नाही. त्यावरही सावधानतेची सूचना छापलेली असते.

वजनाचा हिशेब इथे विसरता कामा नये. जी मात्रा साठ किलोच्या माणसाला कशीबशी सोसते, ती बारा किलोच्या मुलाला पाचपट जड जाते. औषधाची बाटली घरात उंच आणि कुलपात ठेवायची ती यासाठी. उरलेले औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतणे सर्वांत वाईट, कारण मूळ डब्याबरोबर रंगाचा त्रिकोणही जातो आणि बाटली पिण्याची वस्तू वाटू लागते.

शरीरात शिरण्याच्या वाटा

रसायन शरीरात चार वाटांनी शिरते: श्वासातून, कातडीतून आणि डोळ्यांतून, तोंडावाटे, आणि जखमेतून किंवा टोचून. पदार्थ आणि शरीर यांची ही गाठ पडणे म्हणजे संपर्क. लोकांना तोंडाची वाट चटकन कळते. कातडीची वाट कळत नाही, आणि फवारणीत तीच सर्वांत मोठी असते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्यांनी औषध प्यायले नव्हते. डोक्याइतक्या वाढलेल्या पिकात, उकाड्यात, उघड्या अंगाने किंवा औषधाने भिजलेल्या सदऱ्याने तासन्‌तास फवारणी केली, की श्वास आणि कातडी या दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या राहतात. घामाने ओली झालेली कातडी औषध जास्त शोषते. रायगडातल्या भाताच्या खाचरात पंप पाठीवर घेतलेल्या माणसालाही हेच लागू आहे. वाऱ्याच्या विरुद्ध फवारणी करायची नाही, पंप गळत असेल तर त्या दिवशी काम थांबवायचे, हात धुतल्याशिवाय विडी किंवा तंबाखू तोंडात घालायची नाही, घरी आल्याबरोबर साबणाने आंघोळ करायची आणि कपडे इतरांच्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे.

परिणामही दोन प्रकारचे असतात. काही तासांत दिसतो तो तत्काळ परिणाम. थोड्या थोड्या मात्रेने महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे साचत जातो तो दीर्घकालीन. ॲसिडने हात भाजला की लगेच कळते. पण बेंझिनसारख्या पदार्थाच्या वाफा रोज थोड्या थोड्या श्वासात गेल्या, तर रक्ताचा कर्करोग व्हायला वर्षे जातात, आणि तोवर माणूस ती कंपनी सोडूनही गेलेला असतो. दगडाच्या किंवा वाळूच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस असाच हळूहळू छाती पोखरतो. ‘इतकी वर्षे करतोय, काही झालं नाही’ हा पुरावा दीर्घकालीन परिणामापुढे टिकत नाही.

या दोहोंच्या मध्ये एक फसवा प्रकार आहे. नायट्रिक ॲसिडपासून निघणाऱ्या तपकिरी वाफा श्वासात गेल्या, तर आधी थोडा ठसका येतो आणि माणसाला बरे वाटू लागते. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरू लागते. डिसेंबर २०१८ मध्ये रसायनीत नायट्रिक ॲसिडच्या वायूची गळती झाली तेव्हा परिसरातली तीसच्या आसपास माकडे आणि काही कबुतरे मेली. ‘गॅस लागला’ असे वाटले आणि नंतर बरे वाटले, तरी अशा माणसाला घरी झोपवून ठेवायचे नाही. एक दिवस डॉक्टरच्या नजरेखाली राहणे भागच आहे.

पिंपावरच्या खुणा

१९९२ च्या रिओ परिषदेत जगभर एकच धोक्याची चित्रलिपी असावी असे ठरले, आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ती प्रसिद्ध केली. तिला जीएचएस म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या आणि निर्यातीच्या मालाच्या पिंपांवर लाल कडेचे, टोकावर उभे चौकोन दिसतात ते तिचेच. चित्रे एकूण नऊ आहेत, आणि वाचता न येणाऱ्यालाही ती एका बैठकीत शिकता येतात.

ज्वाळा म्हणजे ज्वलनशील. वर्तुळावर ज्वाळा म्हणजे ऑक्सिडीकारक: हा पदार्थ स्वतः जळेलच असे नाही, पण दुसऱ्याची आग भडकवतो. फुटणारा गोळा म्हणजे स्फोटक. सिलिंडर म्हणजे दाबाखालचा वायू. हातावर आणि धातूवर पडणारे थेंब म्हणजे दाहक: मांस आणि लोखंड दोन्ही खाणारा. कवटी म्हणजे थोड्या मात्रेत जीव घेणारे विष. उद्गारचिन्ह म्हणजे चुरचुर, खाज, सौम्य त्रास. छातीवर तारा फुटलेला माणूस म्हणजे दीर्घकालीन इजा: कर्करोग, गर्भाला धोका, फुप्फुसांचे किंवा इतर अवयवांचे नुकसान. मेलेला मासा आणि वठलेले झाड म्हणजे पाण्यातल्या जिवांना घातक. चित्राजवळ ‘डेंजर’ असेल तर धोका मोठा, ‘वॉर्निंग’ असेल तर त्याहून कमी.

आता त्या निळ्या पिंपाचे पाहू. त्यावरचे लेबल खरवडून काढलेले असते, म्हणून आत काय होते ते कळत नाही. प्लॅस्टिक काही रसायने आपल्या अंगात शोषून घेते आणि मग महिनोन्‌महिने पाण्यात सोडत राहते. साबणाने, चिंचेने, गरम पाण्याने कितीही धुतले तरी ती निघत नाहीत. घातक रसायनांची रिकामी पिंपे हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचराच आहे. तो परवानाधारक ठिकाणी निर्विष व्हायला जायचा असतो, भंगारातून घराघरांत नव्हे. ज्या वाडीला पाणी साठवल्याशिवाय गत्यंतर नाही, तिथल्या बाईला ‘हे पिंप वापरू नको’ एवढे सांगून भागत नाही. तिला अन्नासाठीचे नवे पिंप किंवा टाकी मिळवून देणे, हे ग्रामपंचायतीचे आणि शेजारच्या कंपन्यांचेही काम आहे. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून यापेक्षा थेट उपयोगाची वस्तू क्वचितच निघेल.

लोखंडी पिंपाचा धोका आणखी वेगळा आहे. त्यासाठी फ्लॅश पॉइंट समजून घ्यावा लागतो. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ठिणगी लागताच पेट घेईल इतकी वाफ ज्या तापमानाला तयार होते, तो त्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा तो शून्याच्या खाली चाळीस अंशांच्या आसपास, मिथेनॉलचा ११ ते १२ अंश. म्हणजे कर्जतच्या कोणत्याही ऋतूत हे दोन्ही द्रव पेटायला तयारच असतात. वाफ आणि हवा यांचे ठरावीक प्रमाण जमले की स्फोट होतो; पेट्रोलसाठी ते हवेच्या साधारण दीड ते साडेसात टक्के. भरलेल्या पिंपात हवेला जागा नसते. ‘रिकाम्या’ पिंपात तळाशी राहिलेल्या थोड्या द्रवाची वाफ आणि हवा नेमक्या अशाच प्रमाणात मिसळलेली असू शकते. म्हणून असे पिंप गॅस कटरने किंवा ग्राइंडरने कापताना फुटते आणि कापणाऱ्याचा जीव जातो. रिकामे म्हणून निर्धास्त राहावे अशी ही वस्तू नाही.

एकमेकांजवळ न ठेवायच्या वस्तू

काही पदार्थ वेगवेगळे असताना सांभाळता येतात, पण एकत्र आले की तिसरेच काही घडते. अशा जोड्यांना विसंगत रसायने म्हणतात. घराघरातली सर्वांत ओळखीची जोडी म्हणजे संडास धुवायचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर. संडासात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. त्यात ब्लीचिंग पडली की क्लोरीन वायू सुटतो, आणि लहानशा बंद मोरीत तो काही सेकंदांत घातक पातळीला पोहोचतो. ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं’ या समजुतीने हा प्रकार घडतो. फार्महाउसच्या तलावाच्या खोलीतही हीच दोन्ही रसायने शेजारी ठेवलेली असतात. ती वेगवेगळ्या खोल्यांत हवीत आणि दोन्हींसाठी एकच बादली किंवा डाव कधीच वापरायचा नाही.

उंदरांसाठीचे झिंक फॉस्फाइड आणि धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओल लागताच फॉस्फीन हा प्राणघातक वायू सोडतात. ज्या खोलीत माणसे झोपतात, तिथे या गोळ्या घातलेली कणगी किंवा पोते ठेवायचे नाही. बॅटरीचे किंवा कंपनीतले सल्फ्युरिक ॲसिड पातळ करायचे असेल, तर पाण्यात ॲसिड हळूहळू सोडायचे. ॲसिडवर पाणी ओतले, तर उष्णतेने ते उकळून तोंडावर उडते.

पेरॉक्साइडसारखे काही पदार्थ उष्णतेने किंवा अशुद्धीने स्वतःच विघटन पावतात. त्या विघटनातून आणखी उष्णता निघते आणि वेग आवरत नाही. यांना अस्थिर किंवा अतिक्रियाशील म्हणतात. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत झालेल्या भीषण स्फोटानंतर पेरॉक्साइडचे नाव वर्तमानपत्रांत आले. ठरलेले तापमान ओलांडले की सांगायचे, थंड पाणी बंद पडले की ओरडायचे, या सूचना हेल्परपर्यंत पोहोचणे किती गरजेचे आहे, हे अशा घटनांनी दाखवले आहे.

वारा, उतार आणि टँकरवरचा फलक

वायू हवेपेक्षा जड की हलका, यावर तो कुठे जाईल हे ठरते. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड आहे, स्वयंपाकाचा गॅसही जड. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला, तेव्हा तो जमिनीलगत सरकत खंदकांत उतरला आणि खंदकांत आसरा घेतलेलेच मेले. सह्याद्रीच्या पायथ्याशी हे ध्यानात ठेवायला हवे: जड वायू नाल्याने, ओढ्याने, खोलगट वाटेने खाली वाहत जातो. थंडीच्या रात्री गार हवा खोऱ्यात उतरून साचते, आणि त्या थरात मिसळलेला वायू सकाळी ऊन चढेपर्यंत विरत नाही. अमोनिया हवेपेक्षा हलका असला, तरी दाबाच्या टँकरमधून फुटून आलेला गार पांढरा लोट सुरुवातीला जमिनीलगतच पसरतो. म्हणून नियम असा: वाऱ्याच्या दिशेने पळायचे नाही, वाऱ्याला आडवे होऊन लोटातून बाहेर पडायचे, आणि मग उंचावर, वारा येतो त्या बाजूला जायचे. लोटातून बाहेर पडणे शक्य नसेल तर घरात शिरून दारे-खिडक्या बंद करायच्या, फटींत ओले कापड कोंबायचे.

वासावर विसंबू नये. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकाची जाणीवच बधिर करतो. वास थांबला म्हणून वायू गेला असे वाटते, आणि तोच क्षण सर्वांत धोक्याचा असतो. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. जुनी विहीर, मैल्याची टाकी, कंपनीतली रिकामी टाकी या बंदिस्त जागांत तर प्राणवायूच कमी असतो. हवेत तो २१ टक्क्यांच्या जवळ असतो, १९.५ च्या खाली गेला की जागा असुरक्षित मानतात. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि एका मृत्यूचे तीन होतात. दोर, श्वसनयंत्र आणि बाहेर थांबलेला माणूस नसेल तर कुणीही उतरायचे नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क वायू अडवत नाही, आणि गाळणीचा मास्क नसलेला प्राणवायू निर्माण करत नाही.

घाटातल्या टँकरवर मागे आणि बाजूंना एक फलक असतो. १९८९ च्या मोटार वाहन नियमांनी तो सक्तीचा केला. त्यावर रसायनाचे नाव, धोक्याचे चित्र, मदतीचा फोन आणि चार आकडी यूएन क्रमांक असतो. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, स्वयंपाकाचा गॅस १०७५, क्लोरीन १०१७, अमोनिया १००५, मिथेनॉल १२३०, सल्फ्युरिक ॲसिड १८३०. सोबत हॅझकेम नावाचा छोटा संकेत असतो. त्यातला पहिला आकडा आग कशाने विझवायची ते सांगतो. तीन म्हणजे फेस. शेवटी इंग्रजी ‘ई’ अक्षर असेल, तर आजूबाजूची माणसे हलवण्याचा विचार तातडीने करायचा. ११२ वर किंवा अग्निशमन दलाला फोन करताना दुरून वाचलेला तो चार आकडी क्रमांक सांगितला, तर येणारी गाडी योग्य साहित्य घेऊन येते. खोपोलीतल्या ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या स्वयंसेवकांच्या गटासारखी माणसे घाटात मदतीला सर्वांत आधी पोहोचतात. त्यांना आणि रस्त्याकाठच्या प्रत्येक वाडीला हा फलक वाचता यायला हवा.

१३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ कुणे गावच्या पुलावर ज्वलनशील द्रवाच्या टँकरने पेट घेतला. जळता द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर ओघळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. उलटलेल्या टँकरमधून काही गळत असेल, तर ते भरून घ्यायला किंवा मोबाइलवर टिपायला जवळ जाणे म्हणजे वाफेच्या ढगात शिरणे. दुचाकीची एक किक, विडीची एक काडी त्या ढगाला पुरते.

माहिती मागण्याचा अधिकार

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये कारखान्यातून गळालेल्या मिथिल आयसोसायनेटने हजारो माणसे मेली. कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना आत काय साठवले आहे, गळती झाली तर कुठे जायचे, तोंडावर ओले फडके धरल्याने काही उपयोग होतो का, यातले काहीही सांगितलेले नव्हते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही वायूची पुरेशी माहिती नव्हती. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रिया चालवणाऱ्याने धोक्यांची आणि उपायांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही द्यायची, हे बंधन आले. तातडीचा धोका दिसल्यास तो लक्षात आणून देण्याचा कामगाराचा अधिकारही त्यात लिहिला गेला. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी कारखान्याच्या आतला आणि बाहेरचा, असे दोन आपत्ती आराखडे मागितले. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमले.

प्रत्येक रसायनासोबत सुरक्षा माहितीपत्रक असते. त्याला एसडीएस म्हणतात. त्याचे सोळा ठरलेले विभाग आहेत: पदार्थाची ओळख, धोके, प्रथमोपचार, आग लागल्यास काय करायचे, सांडल्यास काय, साठवण, हातमोजे कोणते, विसंगत पदार्थ कोणते, विल्हेवाट कशी. कामगाराने निदान दुसरा, चौथा आणि आठवा हे तीन विभाग, म्हणजे धोके, प्रथमोपचार आणि संरक्षण, मराठीतून वाचून घेतल्याशिवाय नव्या पिंपाला हात लावू नये. ठेकेदाराचा माणूस असला म्हणून त्याचा हा हक्क कमी होत नाही.

अपघात झालाच तर थोड्याच गोष्टी करायच्या असतात, पण लगेच. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा अंगावर पडला, तर कपडे काढून पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरायचे; डोळ्यांत गेला तर पापण्या उघड्या ठेवून तेवढाच वेळ. हळद, तेल, चुना काहीही लावायचे नाही. ॲसिड, रॉकेल किंवा औषध पोटात गेले असेल, तर आपल्या मनाने उलटी करवायची नाही. १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची आणि डबा किंवा लेबल रोग्यासोबत द्यायचे. कोणत्या विषावर कोणता उतारा, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.

हे सगळे घराघरांत पोहोचायला फार मोठा खर्च लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत चार मागण्या ठरावात घ्याव्यात. आपल्या वाडीच्या परिसरातल्या कारखान्यांत कोणती घातक रसायने आहेत, त्यांची यादी मराठीत फलकावर लागावी. भोंगा कसा वाजला म्हणजे काय करायचे आणि कुठे जमायचे, याची रंगीत तालीम कंपनीच्या कुंपणाबाहेर, वाडीतल्या माणसांसह वर्षातून एकदा व्हावी. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी उंचावर, सगळ्यांना दिसेल अशी बांधावी. आणि शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना ती नऊ चित्रे व चार रंगांचे त्रिकोण शिकवावेत, कारण घरी आणलेले पिंप किंवा बाटली सर्वांत आधी वाचून दाखवणारी तीच असतील. ज्या माणसाला धोका सोसावा लागतो, त्याला तो वाचता आलाच पाहिजे. ही विनंती नाही, भोपाळनंतर या देशाने कायद्यात लिहून दिलेला शब्द आहे, आणि तो पाळून घेणे आपल्या हातात आहे.